परतीच्या डब्यातलं लाकूड

आमच्याकडे शेजाऱ्याचं भांडं रिकामं परत करायची पद्धत नाही. वाटीतून कालवण आलं, तर वाटी परत जाताना तिच्यात निदान चार चिंचा, मूठभर वाल, गुळाचा खडा, काहीतरी असावंच लागतं. हे कुणी बसून शिकवत नाही, घरातल्या बायकांचं बघून अंगवळणी पडतं. माझ्या बायकोइतकी ही पद्धत काटेकोर पाळणारी बाई मी शहापूरपासून मुरबाडपर्यंत दुसरी बघितलेली नाही. त्यामुळे गेल्या हिवाळ्यात ती पडली आणि खाटेला खिळली, तेव्हा तिला मोडलेल्या खुब्यापेक्षाही जास्त त्रास कशाचा झाला असेल, तर तो आमच्या मांडणीवर साचत गेलेल्या लोकांच्या भांड्यांचा.

पडली ती मोरीत. धुणं धुऊन उठताना पाय सरकला, एवढंच. भाताची झोडणी उरकली होती, घरात नवे तांदूळ आले होते, सगळं कसं बरं चाललं होतं. कल्याणला नेऊन ऑपरेशन केलं, आत सळई घातली. लेक सासरहून येऊन पंधरवडाभर राहिली, पण तिच्या पोरांच्या शाळा होत्या, तिला जावं लागलं. जाताना रडली. मी म्हटलं, "मी आहे ना." त्यावर माझी बायको खाटेवरून म्हणाली, "तेच तर भ्या आहे."

तिचं खरं होतं. मला स्वयंपाकातलं चहा आणि खिचडी एवढंच येतं, आणि खिचडीलाही ती पेज म्हणते. मी आसनगावच्या बाजूला एका फर्निचरच्या कारखान्यात सुतारकाम करतो. आयुष्य रंधा आणि पटाशी हातात धरण्यात गेलं, उलथणं कधी धरलं नाही. शेठने मला "बाई चालायला लागेपर्यंत येऊ नकोस" असं सांगितलं आणि माझी जागा कुणाला दिली नाही. त्या माणसाचे उपकार मी विसरणार नाही.

डॉक्टर म्हणाले होते, हाड छान बसलंय, आता वॉकर धरून पाय टाकायचा, जितकं चालाल तितकं बरं. पण ही पाय टाकेचना. वॉकर खाटेला लावून उभा केला की ती त्याच्याकडे अशी बघायची, जसा काही तो घरात शिरलेला अनोळखी माणूस. "उद्या बघू," म्हणायची. उद्या पुन्हा उद्या. तिच्या मनात भीती बसली होती की पाय टेकवला की आतली सळई निसटणार आणि ती परत पडणार. मी समजावलं, चिडलो, शेवटी गप्प बसलो. आवणीत भाताची रोपं लावताना दिवसभर चिखलात वाकून जी बाई सगळ्यांच्या पुढे असायची, ती आता खाटेवरच राहते की काय, हा एकच विचार डोक्यात असायचा.

आणि रोज डबे यायचे. समोरच्या चुलत वहिनीकडून भाकऱ्या आणि वालाचं कालवण. मागच्या आळीतल्या शेतकऱ्याच्या घरून डाळभात. एक तरुण सून आहे, ती सकाळची लोकल पकडून कल्याणला कामाला जाते. ती तर निघता निघता आमच्या पायरीवर डबा ठेवून, "काकी, गरम आहे तवर खा," असं ओरडून रिक्षेकडे पळायची. तिला स्वतःचा डबा भरायला वेळ कुठून मिळतो, हे मला अजून कळलेलं नाही. त्यातली काही घरं आमच्या विहारातली, काही देवळातली. कालवणाला कुणी हे विचारलं नाही, आणि आम्हीही नाही.

भांडी मी घासायचो आणि मांडणीवर ठेवायचो. मांडणी हिच्या खाटेच्या अगदी समोर. दिवसभर ती त्या भांड्यांकडे बघत पडायची.

एके दिवशी म्हणाली, "अवो, लोकांची भांडी किती दिस ठेवायची घरात?"

"देतो की."

"काय घालून देता?"

"साखर घालतो थोडी."

"दुकानातली साखर काय, ती कोनीपन देतं. घरचं काय?" मग भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "घरचं करनारी तर पडलीये. लोकांचं खाऊन राहिले मी. जल्मात असं कदी केलं नाय."

तिच्या डोळ्यांत पाणी आलेलं मी पाहिलं. ऑपरेशनला नेताना ती रडली नव्हती.

घरचं. या घरात माझ्या हाताने होण्यासारखं घरचं काय होतं? खाटेखाली एक गोणी होती. कारखान्यात मुंबईच्या बंगल्यांसाठी जे फर्निचर बनतं, त्याची लाकडं परदेशातून येतात. अक्रोड, पडौक, वेंगे, मेपल, आणि एक जांभळं लाकूड, ज्याचं नाव कुणालाच नीट घेता येत नाही म्हणून आम्ही सगळे त्याला जांभळा म्हणतो. ही लाकडं कापली की वीतभर, बोटभर तुकडे उरतात. त्यांचं काही होत नाही. वॉचमन थंडीत शेकोटीला घेतो. मला ते बघवायचं नाही, म्हणून मी चांगले चांगले तुकडे पिशवीत घालून घरी आणायचो. कधीतरी काहीतरी करीन म्हणून. त्या 'कधीतरी'ला कितीतरी वर्षं झाली होती, आणि ही त्या गोणीला सरपण म्हणायची.

मी गोणी बाहेर ओढली.

पहिला केला तो मिठाचा चमचा, समोरच्या वहिनीसाठी. मेपलचा, पांढरट, गुळगुळीत. मी एकच नियम ठरवला होता: वस्तू डब्यात मावली पाहिजे आणि वर झाकण बसलं पाहिजे. नाहीतर ती नुसती भेट झाली, भरलेला डबा नाही. चमचा तयार करून मी मोठ्या ऐटीत हिला दाखवला. तिने उलटसुलट केला.

"दांडा जाड झालाय. मिठाच्या बरणीत जानार नाय."

गेली कित्येक वर्षं साहेब लोक माझ्या कामात खोट काढू शकले नव्हते. मी मुकाट्याने दांडा तासला. मग ती म्हणाली, "आन ही कड बोटाला लागते." मी वैतागून पॉलिश पेपरचा तुकडाच तिच्या हातात दिला. म्हटलं, "तूच घास मग."

आणि ती घासायला लागली. पडल्या पडल्या जमेना, म्हणून उशी पाठीला घेऊन उठून बसली. बसून एवढा वेळ ती ऑपरेशननंतर पहिल्यांदाच राहिली असेल. मी काही बोललो नाही. बोललो असतो तर मुद्दाम आडवी झाली असती, मी ओळखतो तिला.

चमचा डब्यात घालून मी वहिनीकडे पोचवला. वहिनीने झाकण उघडलं, आत बघितलं आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "दादा, हे काय?" मी म्हटलं, "घरचं आहे." ती हसली, चमचा पदराला पुसला आणि तशीच आत जाऊन मिठाच्या बरणीत ठेवून आली. मला इतकं बरं वाटलं की काय सांगू. शेठच्या बंगल्यावाल्यांनी आमच्या टेबलावरून कधी असा हात फिरवलेला मी पाहिला नाही. तिथे आम्ही बूट काढून आत जातो, टेबल ठेवतो आणि निघतो.

मग आमचा कारखाना सुरूच झाला. मागच्या आळीतल्या म्हाताऱ्या शेतकऱ्याला वेंगेची चुन्याची डबी केली, काळीभोर, खिशात मावणारी. लोकलला जाणाऱ्या सुनेला मोबाईल उभा ठेवायचा ठोकळा केला, जांभळ्या लाकडाचा. ते लाकूड कापल्यावर आधी मळकट दिसतं आणि उजेडात ठेवलं की हळूहळू जांभळं होत जातं. तो ठोकळा ही रोज खिडकीत ठेवायला लावायची आणि संध्याकाळी रंग किती चढला ते बघायची. मी कापायचो, ही घासायची आणि शेवटी जवसाच्या तेलाचं बोट फिरवायची.

एक घोटाळा मात्र झाला. आमच्याकडे स्टीलच्या भांड्यांवर नावं घातलेली असतात. एका डब्यावर वरच्या आळीतल्या घराचं नाव होतं. मी अक्रोडाची छोटी फणी त्यात घालून बेधडक वरच्या आळीत नेऊन दिला. तिथल्या बाईने डबा बघितला, नाव वाचलं आणि कपाळाला आठ्या घातल्या. तो डबा त्यांनी भलत्याच घरच्या लग्नात आहेर म्हणून दिलेला होता! आहेराच्या भांड्यावर देणाऱ्याचं नाव असतं, हे मला सुतार असूनही माहीत असायला हवं होतं. तिने ना आम्हाला काही पाठवलं होतं, ना हिच्या आजारपणाचं तिला धड कळलं होतं. पण डबा आला तो भरलेला आला. आता तिला तो ठेवून घेता येईना आणि फणी तर आवडलेली. दुसऱ्या दिवशी ती बाई तोच डबा पुरणपोळ्यांनी भरून आमच्या दारात हजर. म्हणाली, "डबा ज्यांचा त्यांना द्या, पोळ्या तुमच्या."

म्हणजे जेवण पाठवणारं आणखी एक घर वाढलं. मी कपाळावर हात मारून घेतला. आणि खाटेवरून हसू ऐकू आलं. पोट धरून, दुखऱ्या पायाला आवरत आवरत ती हसत होती. "आता गावाला फन्या करा," म्हणाली. महिना-दीड महिन्याने मी तिचं हसणं ऐकत होतो. पुरणपोळ्यांपेक्षा मला ते गोड लागलं.

पाय जमिनीला लागला तो मात्र रागात. घासून घासून लाकडाचा भुगा सगळा अंथरुणात व्हायला लागला. एका सकाळी तिने चादर झटकली आणि म्हणाली, "ह्या भुशात मी झोपनार नाय. मला ओटीवर न्या." मी म्हटलं, उचलून नेऊ का? "उचलून न्यायला मी काय गोनी आहे?" म्हणाली, आणि वॉकर ओढून घेतला. पाय टाकला. थांबली. माझ्याकडे बघितलं. सळई निसटली नव्हती. दुसरा टाकला. खाटेपासून ओटीपर्यंतचं अंतर कितीसं असणार, पण ती ओटीवरच्या खुर्चीत बसली तेव्हा घामाने भिजली होती, आणि मी मोरीत जाऊन तोंडावर पाणी मारून आलो. ते पाणी नेमकं कशाचं होतं, हे तिने विचारलं नाही.

हळूहळू मांडणी रिकामी झाली. एकच देणं उरलं, आणि त्याला भांडंच नव्हतं.

बांधापलीकडे थोड्या चढावर ठाकूरवाडी आहे. तिथली एक म्हातारी दर वर्षी आवणीला आमच्या शेतावर यायची. ही आणि ती शेजारी शेजारी वाकून रोपं लावायच्या, गाणी म्हणायच्या, भांडायच्याही. ही पडल्याचं कळल्यापासून म्हातारी अधूनमधून यायची. कधी करांद्याचे उकडलेले कंद, कधी करवंदं. आणायची ती पळसाच्या पानांच्या द्रोणात, काड्यांनी टाचलेल्या. ठेवायची, हिच्या पायावरून हात फिरवायची आणि जायची. द्रोण परत द्यायचा नसतो. तो चुलीत नाहीतर गाईपुढे जातो.

"तिचं कसं फेडायचं?" ही म्हणाली. "तिनं परतीची वाटच ठेवली नाय."

मी द्रोणाकडे बघत होतो. मग गोणीतून पडौकाचा एक जाड ठोकळा काढला. एका भल्या मोठ्या टेबलाच्या पायांचे असे तीन तुकडे उरले होते, लालसर. त्यातून मी द्रोण कोरला. लाकडाचा द्रोण, कडेला पानांसारख्या घड्या, आणि काड्यांच्या जागी वेंगेच्या बारीक काळ्या खुंट्या. आयुष्यात केलेल्या कामांत ते मला सगळ्यात अवघड गेलं. दोनदा भिंत पातळ होऊन चिरली, तिसऱ्या ठोकळ्याला जमलं. हिने त्याला इतका घासला की पाणी घातलं तर थेंब घरंगळून जावा.

"देऊन येतो," मी म्हटलं.

"तुमी नाय. मी देनार."

तोवर वॉकर जाऊन काठी आली होती. पण ओटी आणि अंगण सोडून ही कुठे गेली नव्हती, आणि वाडीची वाट म्हणजे बांध आणि वर चढ. मी नको म्हटलं. तिने ऐकलं नाही. उन्हं चढायच्या आत निघालो. एका हातात काठी, दुसरा माझ्या खांद्यावर. बांधावर ती दोनदा थांबली. चढाला तर मला वाटलं, आता परत फिरू म्हणते. पण ती खालच्या शेताकडे बघत उभी राहिली, श्वास घेतला आणि म्हणाली, "चला."

म्हातारी दारात काटक्या मोडत बसली होती. हिला बघून उठलीच नाही, नुसती तोंडाला हात लावून बघत राहिली. हिने द्रोण तिच्या हातात दिला. म्हातारीने तो फिरवून पाहिला, खुंट्यांवरून बोट फिरवलं, नाकाशी नेला.

"कंचं झाड गो हे?"

"लांबचं हाय. आफ्रिकेचं," मी म्हटलं.

तिला त्यात फारसा रस दिसला नाही. ती हिच्या पायाकडे बघत होती. मग म्हणाली, "पानात आनलं, थितंच चुकलं माजं. भांडं दिलं असतं, तं ते परत द्यायला तरी तू कवाच उठली असतीस!"

दोघी हसायला लागल्या आणि हसता हसता एकमेकींच्या गळ्यात पडल्या. मी आपला काटक्या मोडत बसलो.

मग पाऊस आला, शेतात आवणी झाली. या वर्षी हिने बांधावर बसून नुसती देखरेख केली आणि सगळ्यांना शिव्या दिल्या. डॉक्टरांनी तपासून सांगितलं की आता काठीची गरज नाही. "गरज डॉक्टरला नसंल, मला आहे," ही म्हणाली. घरात, अंगणात, चुलीपुढे, काठी कायम हातात. ती सुटली की आपण पडणार, हे तिने मनाशी पक्कं धरलं होतं. मी काठीवरून बोलणं सोडून दिलं. चालते आहे, स्वतः भाकऱ्या थापते आहे, लोकांचे डबे बंद झालेत, आणखी काय मागायचं माणसाने?

मागच्या महिन्यात कळलं की म्हातारी तापाने पडलीये. हिने तांदळाची पेज केली. वाट निसरडी होती, म्हणून न्यायची मीच होती. मी म्हटलं, म्हातारीला भांडं परत करायचा ताप नको, पेज तिथेच तिच्या वाडग्यात ओतून येतो.

"काय ओतू नका," ही म्हणाली आणि मांडणीवरचा आमचा सगळ्यात चांगला, कडीचा डबा काढला. "डबा तिच्याकडं ऱ्हाऊ द्या. तो द्यायला तरी ती उठंल."

मी डबा ठेवून आलो. मग ही रोज सकाळी पायरीवर बसून वाडीच्या वाटेकडे बघायची. कामं करायची, पण नजर तिकडे. मलाही धास्ती वाटायला लागली होती. म्हातारीचं वय झालेलं, आणि या दिवसांतला ताप काही खरा नसतो.

परवा पावसाने उघडीप दिली होती. बांधावरून कुणीतरी सावकाश येताना दिसलं. एका हातात आमचा डबा, अंगापासून लांब धरलेला. म्हातारी वाळली होती, पण चालत होती. ही काठी टेकून उठली. म्हातारीने ओटीवर येऊन डबा हिच्यापुढे धरला आणि बसली. कडी काढायला दोन्ही हात लागतात. हिने काठी दाराला टेकवली आणि झाकण उघडलं.

आत चिंबोऱ्या होत्या. जिवंत, ओढ्यातल्या, एकीवर एक. सगळ्यात वरची नांगी उगारून उभी राहिली. ही किंचाळली, डबा हातातून सुटला आणि चिंबोऱ्या ओटीभर पसरल्या. म्हातारी हसून हसून आडवी झाली. मी सूप घेऊन धावलो. एक खाटेखाली गेली, एक चपलांमागे, एक सरळ माझ्या हत्यारांच्या पेटीत.

"ती बगा तिकडं! अवो, पेटीत! आता मोरीकडं चाल्लीय!" ही ओरडत होती, आणि ओरडत ओरडत तिच्या मागे धावत होती.

मी सूप हातात धरून तसाच थांबलो. काठी दाराला टेकलेली होती. ही मोरीच्या तोंडाशी होती, ओटीच्या पार दुसऱ्या टोकाला, चिंबोरीची वाट अडवून, दोन्ही पायांवर.

"बघत काय ऱ्हायलात? धरा ना!"

मी बघतच राहिलो.